सेबुआनो भाषेतील ‘विजय’ आणि ‘यश’ : पत्रात नेमका कोणता शब्द लिहावा?

लेकीची_आई :

नमस्कार. माझ्या मुलीने फिलिपाइन्समधील दावाओ शहरात वैद्यकीय शिक्षण घेतले आणि भारतात परतल्यावर, परदेशातून पदवी घेऊन आलेल्या डॉक्टरांना द्यावी लागते ती परीक्षा ती दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाली. ३०० पैकी १५० गुणांची अट ज्या घरांनी अनुभवली आहे, त्यांना पहिल्या आणि दुसऱ्या प्रयत्नामधले दिवस कसे जातात हे मी सांगायला नको. दावाओत ती ज्या घरी राहत होती, तिथल्या घरमालकीणबाईंना ती ‘नानाय’ म्हणजे आई म्हणते, आणि त्या तिला ‘दाय’ म्हणून हाक मारतात. ‘इंदाय’ या मुलींसाठीच्या लाडाच्या हाकेचे ते लघुरूप आहे. परीक्षांच्या दिवसांत पहाटे उठून तिच्यासाठी गरम भात आणि पालेभाज्यांचे पातळ कालवण करून देणाऱ्या या बाईंना आम्ही घरच्या सर्वांनी मिळून पत्र पाठवायचे ठरवले आहे. पत्र इंग्रजीत लिहिणार आहोत, पण शेवटची एक ओळ त्यांच्या सेबुआनो भाषेत असावी अशी माझी इच्छा आहे. मुलीला हे आधी कळू द्यायचे नाही, त्यामुळे तिला विचारता येत नाही.

शब्दकोशात ‘व्हिक्टरी’ या शब्दासमोर ‘कादाउगान’ मिळाला, ‘सक्सेस’समोर ‘कालाम्पुसान’ मिळाला आणि ‘प्रोग्रेस’समोर ‘काउस्वागान’. भाषांतर करणाऱ्या यंत्राला मी ‘तिचा विजय हा आमचा विजय’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य दिले, तेव्हा त्याने पुढील ओळ दिली : ‘आङ इयाङ कादाउगान माओ आङ आमोङ कादाउगान.’ (शब्दाच्या शेवटचा ङ ‘वाङ्मय’मधल्यासारखा वाचावा.) ही ओळ बरोबर आहे का? की इथे ‘कालाम्पुसान’ हवा? जाणकारांनी कृपया सांगावे.

दर्यावर्दी :

ताई, प्रथम लेकीचे मनापासून अभिनंदन. मी व्यापारी जहाजांवर बावीस वर्षे इंजिनखान्यात काढली आणि त्यातील बहुतेक वर्षे माझे निम्म्याहून अधिक सहकारी फिलिपिनो होते. त्यांच्यातले सेबू, बोहोल आणि मिंदानाओकडचे लोक आपल्या भाषेला सेबुआनो असे क्वचितच म्हणत. त्यांच्या तोंडी ‘बिसाया’ हेच नाव असे.

‘कादाउगान’मधला मूळ शब्द ‘दाओग’, म्हणजे जिंकणे. हा शब्द मी पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या एका जहाजाच्या रिकाम्या मालखणात त्यांनी लाकडी फळी ठोकून बास्केटबॉलची कडी बसवली होती. रविवारी डेक विरुद्ध इंजिनखाना असा सामना होई आणि पोलादी भिंतीवर खडूने दोन रकाने आखलेले असत, एकावर ‘दाओग’ आणि दुसऱ्यावर ‘पिल्दी’, म्हणजे जीत आणि हार. पहाऱ्यावरून सुटून येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारी : ‘किन्साय निदाओग?’ कोण जिंकले? निवडणुकीत निवडून आलेला उमेदवारही ‘निदाओग’ आणि लॉटरी लागलेला माणूसही ‘निदाओग’. कोंबड्यांची झुंज आणि पत्त्यांचा डाव यांनाही हाच शब्द. परीक्षेच्या संदर्भात मात्र तो माझ्या कानावर आल्याचे आठवत नाही.

मस्कतवासी :

दर्यावर्दींच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. येथील रुग्णालयात माझ्यासोबत सेबूच्या परिचारिका काम करतात आणि परवाना परीक्षांचे निकाल हा त्यांच्या बोलण्यातला नेहमीचा विषय असतो. परीक्षा उत्तीर्ण झाली तर ‘नाकापासार’, हा स्पॅनिशमधून आलेला शब्द. अनुत्तीर्ण झाली तर ‘नाहाग्बोङ’, आणि ‘हाग्बोङ’ म्हणजे शब्दशः खाली पडणे. आपण ‘परीक्षेत आपटला’ म्हणतो तसेच हे आहे. निकालाच्या दिवशी त्या एकमेकींना ‘पादायोन’ म्हणतात, म्हणजे पुढे चालत राहा. हा शब्द उत्तीर्ण झालेलीलाही म्हणतात आणि न झालेलीलाही, म्हणून मला तो फार आवडतो.

लेकीची_आई :

मस्कतवासी, तुमचा प्रतिसाद वाचून डोळ्यांत पाणी आले. पहिला निकाल लागला त्या रात्री नानायने मुलीला एकाच शब्दाचा संदेश पाठवला होता, आणि तो ‘पादायोन’ हाच होता. त्याचा अर्थ मला आज कळला.

व्याकरणवेल्हाळ :

धागा फार चांगल्या विषयावर निघाला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी शब्दांची घडण पाहू. सेबुआनोत मूळ शब्दाच्या आधी ‘का’ आणि नंतर ‘आन’ जोडले की भाववाचक नाम तयार होते. आपण नुसता मागे ‘पणा’ किंवा ‘ता’ लावतो, ते लोक शब्दाला दोन्ही बाजूंनी कवेत घेतात. ‘दाओग’चे ‘कादाउगान’, ‘लाम्पोस’चे ‘कालाम्पुसान’, ‘उस्वाग’चे ‘काउस्वागान’. पहिल्या दोन्ही शब्दांत मूळचा ‘ओ’ जाऊन ‘उ’ आला आहे, हे लक्षात घ्यावे. या भाषेत ‘ओ’ आणि ‘उ’ यांच्यात अर्थ बदलणारा फरक मुळात नाही. प्रचलित लेखनात शब्दाच्या शेवटच्या अवयवात (एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यात) बहुधा ‘ओ’ लिहितात आणि प्रत्यय लागून तो अवयव आत सरकला की ‘उ’ लिहितात. त्यामुळे एका ठिकाणी ‘दाओग’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘दाउग’ दिसला तर गोंधळून जाऊ नये.

आता अर्थ. इंग्रजी प्रतिशब्दावर विसंबून राहिल्याने ताईंची अडचण झाली आहे, कारण इंग्रजीत ‘व्हिक्टरी’ आणि ‘सक्सेस’ एकमेकांच्या जागी सहज वापरता येतात. मराठीतून विचार केला तर अडचण बरीच कमी होते. ‘विजय मिळवला’ म्हटले की ऐकणारा विचारतो, ‘कोणावर?’ आणि ‘यश आले’ म्हटले की विचारतो, ‘कशात?’ सेबुआनोतही नेमके तसेच आहे. ‘कादाउगान’च्या मागे बहुधा ‘बातोक’ म्हणजे ‘विरुद्ध’ हा शब्द येतो किंवा निदान गृहीत असतो. समोर कोणीतरी हरलेला असतो. ‘कालाम्पुसान’ला हरणारा लागत नाही. हाती घेतलेले काम तडीस गेले एवढेच त्यात आहे. त्याच मुळापासून ‘मालाम्पुसोन’ म्हणजे यशस्वी. मुलीच्या परीक्षेसाठी ‘कालाम्पुसान’ हाच शब्द योग्य आहे, असे माझे ठाम मत आहे.

गुलमोहर :

मला हे मत इतके ठाम असावे असे वाटत नाही. मिंदानाओतील एका गावात मी काही काळ राहिले आहे आणि तिथल्या चर्चमध्ये रविवारच्या प्रवचनात ‘कादाउगान’ हा शब्द वारंवार ऐकला आहे : पापावर विजय, मृत्यूवर विजय. येशूच्या जेरुसलेम-प्रवेशालाही ‘मादाउगोङ पागसुलोद’ म्हणजे विजयी प्रवेश असेच म्हणतात. समोर माणूसच हरलेला असला पाहिजे असे नाही. ज्या मुलीने पहिल्या अपयशानंतर पुन्हा पुस्तके उघडली, तिने स्वतःच्या निराशेवर मिळवलेला तो विजय नाही का? नानाय जर श्रद्धाळू असतील, तर त्यांना ‘कादाउगान’ अधिक भिडेल.

व्याकरणवेल्हाळ :

गुलमोहर, तुमचा मुद्दा मान्य आहे आणि ‘माणूसच समोर हवा’ असा माझ्या लिहिण्याचा अर्थ होत असेल तर तो मी दुरुस्त करतो. मात्र तुमच्या उदाहरणांतही पाप, मृत्यू, निराशा असा कोणीतरी प्रतिस्पर्धी आहेच. ताईंच्या वाक्यात तो कुठेही नाही. ‘तिचा विजय’ एवढेच लिहिले तर वाचणाऱ्याला तो मनाने भरून घ्यावा लागेल.

सह्यकडा :

नानायना इंग्रजी येत असेलच. पूर्ण पत्र इंग्रजीत लिहावे आणि शब्दांची जोखीम घेऊ नये, असे मी सुचवेन. परक्या भाषेत एक ओळ चुकली तर पत्राचा सगळा भाव बिघडतो.

लेकीची_आई :

सह्यकडा, आपली काळजी मी समजू शकते. पण माझी मुलगी तिथे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात नानायने तिच्याकडून ‘जेवलीस का?’ हे दोन मराठी शब्द शिकून घेतले होते आणि ती घरी आली की त्या रोज मराठीत तसे विचारत. उच्चार चुकत असे, तरी त्यांनी विचारणे थांबवले नाही. त्या दोन शब्दांना उत्तर म्हणून मला एक ओळ त्यांच्या भाषेत लिहायचीच आहे.

सह्यकडा :

मग माझा आक्षेप मी मागे घेतो. ओळ अवश्य लिहा, आणि ती बिनचूक व्हावी म्हणून इथे सर्वांनी मदत करावी.

पणजीकर :

‘कादाउगान’ या शब्दाचे त्या लोकांच्या मनातले वजन कळण्यासाठी एक संदर्भ सांगतो, कारण त्या कथेचे एक टोक आपल्या किनाऱ्याकडेही येते. फर्नांव द मागाल्याइंश, म्हणजे आपण ज्याला मॅगेलन म्हणतो तो, १५०५ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मैदाच्या आरमारातून हिंदुस्थानात आला होता आणि १५११ मध्ये मलाक्का जिंकणाऱ्या पोर्तुगीज फौजेतही होता. पुढे तो स्पेनच्या राजाच्या सेवेत गेला, पश्चिमेकडून समुद्र ओलांडून सेबूला पोहोचला, आणि २७ एप्रिल १५२१ रोजी सेबूसमोरच्या माक्तान बेटावर लापुलापु या सरदाराच्या लोकांशी लढताना मारला गेला. मोहिमेतील इटालियन लेखक पिगाफेत्ता याने लिहून ठेवले आहे की, मांड्यांपर्यंतच्या पाण्यातून ४९ जण किनाऱ्याकडे निघाले आणि समोर दीड हजारांहून अधिक लोक उभे होते. नंतर मृतदेहाच्या बदल्यात हवे ते देऊ असा निरोप गेला, तेव्हा माक्तानच्या लोकांनी तो साफ नाकारला.

युरोपीय कथनात ही घटना बराच काळ ‘मॅगेलनचा मृत्यू’ म्हणूनच सांगितली गेली. आज माक्तानवर दर एप्रिलमध्ये ही लढाई पुन्हा रंगवून दाखवतात आणि त्या सोहळ्याचे नाव आहे ‘कादाउगान सा माक्तान’, म्हणजे माक्तानचा विजय. एकाच दिवसाला एका बाजूने मृत्यू म्हणायचे आणि दुसऱ्या बाजूने विजय. नाव कोण ठेवते यावर सगळे अवलंबून आहे. त्या बेटावरच्या शहराचे जुने नाव ओपोन, १९६१ पासून ते लापुलापु शहर झाले. हा शब्द तिथे असा पाचशे वर्षांचा इतिहास घेऊन येतो, म्हणून परीक्षेच्या यशासाठी तो मलाही थोडा जड वाटतो.

याच पिगाफेत्ताने सेबूत ऐकलेल्या दीडशेच्या आसपास शब्दांची यादी केली होती. या भाषेची एवढी जुनी लेखी नोंद आपल्याला मिळते ती त्याच्यामुळे.

ओंजळ :

पणजीकर, फार सुंदर माहिती. ‘नाव कोण ठेवते’ हे वाक्य मी वहीत उतरवून घेतले आहे.

मुष्टियोद्धा :

मॅनी पाकियाओ याची मातृभाषाही हीच. १९७८ साली बुकिदनोन प्रांतातल्या किबावे येथे जन्मलेल्या या मुष्टियोद्ध्याने आठ वेगवेगळ्या वजनगटांत जगज्जेतेपद मिळवले. तागालोग या फिलिपाइन्समधल्याच दुसऱ्या मोठ्या भाषेत त्याला ‘पाम्बान्साङ कामाओ’ म्हणजे राष्ट्राची मूठ म्हणतात. सेबुआनोत मात्र ‘कामाओ’ म्हणजे येणे, जमणे, अवगत असणे. मुठीला ते ‘कुमो’ म्हणतात. ज्याला लढणे अवगत आहे त्याला हे बिरुद दोन्ही भाषांत शोभते.

व्याकरणवेल्हाळ :

मुष्टियोद्ध्यांनी तागालोगचा उल्लेख केला, तेव्हा या दोन बहिणींमधला एक फरक सांगतो. तागालोगमध्ये जिंकणे आणि हरणे हे दोन्ही ‘तालो’ या एकाच मुळापासून येतात. ‘नानालो’ म्हणजे जिंकला आणि ‘नातालो’ म्हणजे हरला. एका उपसर्गाने बाजू पालटते. सेबुआनोने जिंकण्यासाठी घरचा शब्द ठेवला आणि हरण्यासाठी ‘पिल्दी’ हा स्पॅनिश ‘पेर्देर’वरून आलेला शब्द घेतला. ‘दाओग’चे तागालोगमधले भावंड ‘दाइग’, म्हणजे वरचढ ठरणे. तागालोगची ‘इ’ आणि सेबुआनोचा ‘ओ’ अशी जोडी अनेक शब्दांत दिसते : काळ्याला ‘इतिम’ आणि ‘इतोम’, दाताला ‘ङिपिन’ आणि ‘ङिपोन’.

आणि याच ‘दाओग’ची द्विरुक्ती केली की तयार होतो ‘दाउगदाउग’. त्याचा अर्थ ‘पुन्हा पुन्हा जिंकणे’ असा नाही. दुबळ्याला छळणे, त्याच्यावर दांडगाई करणे, असा तो आहे. ‘पागदाउगदाउग’ म्हणजे जुलूम. जिंकण्याचा शब्द एकदा उच्चारला तर अभिमानाचा, आणि तोच लागोपाठ दोनदा उच्चारला तर अत्याचाराचा. ज्या समाजावर तीनशेहून अधिक वर्षे स्पेनचे राज्य होते त्याच्या भाषेत हा शब्द मला भेटला, तेव्हा मी बराच वेळ त्या पानावर थांबलो होतो.

ओंजळ :

मराठीतही ‘शिकस्त’ शब्दाचा असाच प्रवास झाला आहे. फारसीत त्याचा अर्थ पराभव, मोडतोड. आपण मात्र ‘प्रयत्नांची शिकस्त केली’ असे म्हणतो आणि त्यात हरण्याचा मागमूसही उरत नाही. अर्थ कोणत्या दिशेने सरकेल हे बोलणारी माणसेच ठरवतात.

मस्कतवासी :

यशाभोवतीचे आणखी काही शब्द इथे नोंदवून ठेवते. ‘लाम्बो’ हे रोप तरारून वाढण्याला म्हणतात आणि त्यावरून ‘कालाम्बोआन’ म्हणजे भरभराट. ‘बुङा’ म्हणजे फळ, आणि ‘माबुङाहोन’ म्हणजे फलदायी. आपल्या ‘सफल’शी त्याचे नाते अर्थाने अगदी जवळचे आहे. मला सर्वांत भावलेला शब्द आहे ‘दुङोग’. त्याचा एक अर्थ ऐकणे आणि दुसरा अर्थ मान, प्रतिष्ठा. त्यावरूनच ‘कादुंगानान’ म्हणजे सन्मान. ज्याच्याविषयी चारचौघांत चांगले ऐकू येते तो सन्मानित.

व्याकरणवेल्हाळ :

मस्कतवासी, संस्कृतातही हे घडले आहे. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे, आणि त्यापासून झालेल्या ‘श्रवस्’चा एक अर्थ कीर्ती. दोन्ही भाषांचा एकमेकींशी कुळाचा संबंध नाही, तरी दोघींनी मान आणि कान एकाच जागी ठेवले. ‘यश’ हा शब्दही संस्कृतात आधी कीर्ती या अर्थी होता. काम तडीस जाणे हा अर्थ मराठीत ठळक झाला. म्हणूनच ‘कालाम्पुसान’ला मराठी प्रतिशब्द देताना ‘यश’ चपखल बसतो.

दर्यावर्दी :

मंडळी, सकाळी घाईत वाचले होते, आता चष्मा लावून पुन्हा पाहिले, तेव्हा ताईंच्या मूळ वाक्यात एक चूक सापडली. तिच्यापुढे ‘कादाउगान’ की ‘कालाम्पुसान’ हा वाद फार लहान आहे. आपण सर्व जण नामाकडे पाहत राहिलो आणि सर्वनामाकडे कोणाचेच लक्ष गेले नाही.

यंत्राने लिहिले आहे ‘आमोङ कादाउगान’. ‘आमो’ म्हणजे आमचा, ज्याच्याशी बोलत आहोत त्याला वगळून. ‘आतो’ म्हणजे आपला, त्यालाही धरून. हा फरक इंग्रजीत नाही. आपल्या मराठीत आहे आणि त्यांच्या भाषेतही आहे. मालखणातल्या त्या सामन्यांत मी हे शिकलो. इंजिनखाना जिंकला की आमचे गडी डेकवाल्यांना ओरडून सांगत, ‘दाओग मि!’ म्हणजे आम्ही जिंकलो, तुम्ही नाही. पण एकदा आमच्या जहाजाने बंदरातल्या दुसऱ्या जहाजाच्या संघाला हरवले, तेव्हा डेकचा बोसन, म्हणजे तिथल्या खलाशांचा मुकादम, धावत येऊन माझ्या गळ्यात पडला आणि म्हणाला, ‘दाओग ता!’ आपण जिंकलो. मी त्या दिवशी खेळलोही नव्हतो, पहाऱ्यावर होतो. त्या एका ‘ता’मध्ये त्याने मला घेतले होते.

ताई, तुम्ही ‘आमोङ’ लिहून पत्र पाठवले असते, तर नानायनी वाचले असते : ‘तिचा विजय हा आमच्या कुटुंबाचा विजय आहे, तुमचा नव्हे.’ त्या मनाने थोर आहेत, परक्याची चूक म्हणून त्यांनी सोडून दिले असते. पण वाचताना एक क्षण त्या थबकल्या असत्या.

गुलमोहर :

दर्यावर्दी, आपण हे वेळेवर पाहिले याबद्दल आभार. मी इतकी वर्षे ही भाषा ऐकूनही माझ्या लक्षात आले नाही. माझा ‘कादाउगान’चा आग्रहही मी सोडते, कारण ‘आपले’ हा शब्द आला की प्रतिस्पर्धी शोधण्याचे कारणच उरत नाही.

व्याकरणवेल्हाळ :

दर्यावर्दींचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे, आणि माझ्यासारख्याने ते पहिल्याच प्रतिसादात सांगायला हवे होते. मी पुढील ओळ सुचवतो : ‘आङ इयाङ कालाम्पुसान माओ आङ कालाम्पुसान नातोङ तानान.’ अर्थ : तिचे यश हे आपल्या सर्वांचे यश आहे. ‘नातो’ हे ‘आतो’चेच नामानंतर येणारे रूप आणि ‘तानान’ म्हणजे सर्व. इथे ‘नातोङ’च्या जागी ‘नामोङ’ पडणार नाही याची लिहिताना काळजी घ्यावी. त्या एका अक्षराने नानाय पुन्हा बाहेर राहतील.

मस्कतवासी :

माझ्यासोबतच्या सेबूच्या परिचारिकेला ही ओळ आत्ताच वाचून दाखवली. तिने ती दोनदा म्हटली, मान डोलावली, आणि ‘नातोङ तानान’वर बोट ठेवून म्हणाली की हे वाचून कोणत्याही आईला बरे वाटेल.

लेकीची_आई :

सर्वांची मी अत्यंत ऋणी आहे. मनात मी ‘आपले यश’ असेच म्हणत होते. यंत्राला देण्यासाठी ते इंग्रजीत लिहिले तेव्हा ‘आपले’चे ‘आमचे’ कधी झाले हे मला कळलेही नाही. व्याकरणवेल्हाळ यांनी दिलेली ओळ आज दुपारी कोऱ्या कागदावर चार वेळा रोमन लिपीत गिरवली आणि मग निळ्या शाईने पत्राच्या शेवटी लिहिली. ‘नातोङ’मधला ‘त’ लिहिताना हात मुद्दाम सावकाश चालवला. त्याखाली मुलीच्या आजीने देवनागरीत ‘जेवलात का?’ असे स्वतःच्या हाताने लिहिले आहे. पाकीट उद्या टपालात पडेल.